रानाची वहिवाट

मंडळी, शेतात जायची वाट अडली म्हणजे काय होते, ते तुम्हांला सांगायला नको. एखाद्या साली पावसाळ्याच्या तोंडावर शेजारी बांधालगतची वाट नांगरून टाकतो, वर काट्यांचे कुंपण घालतो, आणि मागच्या शेतकऱ्याची बैलगाडी अडून बसते. मग चार माणसे जमतात. गावातली म्हातारी माणसे साक्ष देतात की, "आमच्या आज्याच्या वेळेपासून गाड्या इथूनच जात आल्या." तेवढ्यावर मिटले तर ठीक, नाहीतर प्रकरण तहसील कचेरीत जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतो. जमीन दुसऱ्याची असली तरी तिच्यावरून जाण्याचा हक्क आपला असू शकतो, ही गोष्ट आपल्या गावगाड्याने फार पूर्वीपासून मानली आहे. या हक्कालाच आपण वहिवाट म्हणतो.

आज अशाच एका वहिवाटीचा इतिहास मी तुम्हांला सांगणार आहे. तो हक्क शे-दोनशे वर्षांचा नाही. माणसाच्या पहिल्या नांगरापेक्षाही जुना आहे. पण त्यातल्या फिर्यादीला बोलता येत नाही. आणि समजा, तो तहसील कचेरीच्या पायऱ्या चढलाच, तर फिर्याद ऐकायला तेथे कोणी थांबणार नाही! हा फिर्यादी म्हणजे आपला पट्टेदार वाघ. आणि त्याच्या मागे उभी असलेली अस्वले, रानगवे, रानकुत्री, सांबरे आणि चितळे.

भिंतीवरचा शाळेतला नकाशा समोर घ्या. पश्चिमेकडे अमरावती जिल्ह्यात मेळघाटावर बोट ठेवा. तेथून सातपुड्याच्या रांगेने पूर्वेकडे सरका. बैतूल लागेल, छिंदवाडा लागेल, मग नागपूरच्या उत्तरेला सिवनी जिल्ह्याच्या सीमेवर पेंच नदीचे रान. आणखी पुढे बालाघाट आणि मंडला जिल्ह्यांत मैकल डोंगराच्या कुशीत कान्हा. आता बोट पुन्हा पेंचवर आणा आणि खाली उतरा. भंडारा-गोंदियाकडचे नागझिरा आणि नवेगाव, मग उमरेड-करांडला, ब्रह्मपुरी, ताडोबा. आणि वैनगंगा ओलांडली की गडचिरोलीचे रान. आज ही सारी वेगवेगळी नावे आहेत, वेगवेगळ्या फाटकांवर वेगवेगळ्या पाट्या आहेत. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मात्र हे बहुतेक सलग रान होते.

१८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत बनविला, तेव्हा येथील डोंगराळ मुलूख कसा आहे याची सरकारला धड माहिती नव्हती. कॅप्टन जेम्स फॉरसिथ नावाचा अधिकारी या रानातून पुष्कळ हिंडला. त्याने मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशाविषयी लिहिलेले पुस्तक १८७१ साली प्रसिद्ध झाले. तो स्वतः मोठा शिकारी होता. पण त्याच्या पुस्तकात साल आणि साग यांची रांगांवर रांगा पसरलेली वने आहेत, आणि त्या वनांत राहणारे गोंड, कोरकू, बैगा लोकही आहेत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. त्या काळचे रान निर्मनुष्य होते असे कोणी समजू नये. रानात गावे होती, माणसे होती, गुरे होती. चांद्याच्या गोंड राजांच्या अमदानीत कोहळी समाजाने भंडारा-चांद्याकडे शेकडो तलाव बांधले. त्यांतले कितीतरी आज 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने ओळखले जातात, आणि अजून धानाच्या बांध्यांना पाणी देतात. त्या तलावांवर दिवसा माणूस पाणी नेई, रात्री सांबर पाणी पिई. रस्तेही होते. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून याच रानातून जात. पण बैलांचा तांडा दिवसा चालतो आणि रात्री मुक्काम करतो. रात्र झाली की वाट रानाची. माणसाची वाट आणि जनावराची वाट एकमेकींवरून जात होत्या. एकीने दुसरीला अडविले नव्हते.

मग अडली केव्हा? एका दिवसात नव्हे. एकेक रेघ ओढीत ओढीत अडली.

पहिली रेघ आगगाडीची. मुंबईकडून येणारी आगगाडी १८६७ साली नागपुरास पोचली. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि नागपूरहून भंडारा, तुमसर, गोंदिया, डोंगरगडच्या बाजूने पूर्वेकडे मोठी लाइन गेली. रुळांखाली घालायला लाकडी सिलीपाट लागत, ते याच रानांतून आले. आगगाडीमुळे गहू, कापूस आणि गळिताचे धान्य दूरच्या बाजारात जाऊ लागले; पिकाला भाव आला; म्हणून सपाटीची, काळ्या मातीची जंगले नांगराखाली गेली. यात शेतकऱ्याचा दोष नाही, हेही सांगून ठेवतो. भाव मिळू लागला आणि सरकारला शेतसारा हवा होता.

दुसरी रेघ कायद्याची. १८६५ आणि १८७८ च्या जंगल कायद्यांनी डोंगरउतारांवरची जंगले सरकारने राखीव केली. रानात राहणाऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क गेला आणि त्याची 'सवलत' झाली. हा अन्याय खराच. पण या दोन रेघांचा मिळून एक परिणाम झाला, तो इतिहास शिकविणाऱ्या गुरुजींनी ध्यानात घ्यावा. डोंगरावरचे रान शिल्लक राहिले आणि डोंगरा-डोंगरांमधले सपाटीचे रान गेले. म्हणजे खोल्या राहिल्या आणि मधले दरवाजे बंद होत चालले.

त्यात भर बंदुकीची. वाघ, बिबळे, लांडगे ही हिंस्र जनावरे मारली म्हणजे सरकार इनाम देई. महेश रंगराजन या इतिहासकारांनी सरकारी दप्तरांवरून हिशेब मांडला आहे. त्याप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ऐंशी हजारांहून जास्त वाघ मारले गेले.

स्वातंत्र्यानंतर आपण रान राखायला निघालो. १९५५ साली कान्हा आणि ताडोबा ही दोन्ही राष्ट्रीय उद्याने झाली. आता एक गंमत पाहा. त्या साली ही दोन्ही ठिकाणे एकाच राज्यात होती. ते राज्य मध्य प्रदेश, आणि त्याची राजधानी होती नागपूर! १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. १९६० साली महाराष्ट्रात. भाषेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण राज्याची सीमा पेंचच्या रानाच्या मधून गेली. नदी एक, रान एक, वाघ तेच. मात्र पलीकडचा पेंच व्याघ्रप्रकल्प १९९२ साली झाला आणि अलीकडचा १९९९ साली. वाघाला काही महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ठाऊक नाही. कागदपत्रांना मात्र ते ठाऊक असते.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ जागांत मेळघाट आणि कान्हा होते. हे काम मोठे होते. ते झाले नसते तर आज वाघ चित्रातच दाखवावा लागला असता. पण त्या काळी विचार असा होता की, चांगले रान निवडावे, त्याभोवती पहारा ठेवावा, म्हणजे आतले जनावर वाचले. बेटे राखली. बेटांमधल्या पाण्याचा विचार पुढे आला.

बेट पुरत का नाही? हे कळायला शेतकऱ्याला मोठ्या विद्येची गरज नाही. एकाच वळूवर गावातल्या गाई पिढ्यान्‌पिढ्या दाखवीत राहिलात तर वासरे कशी निपजतात, ते तुम्ही जाणता. म्हणून शहाणा माणूस वळू बाहेरगावाहून आणतो. रानातही तोच नियम. वाघाचा बच्चा दोनेक वर्षांचा झाला की आईजवळून निघतो. आईच्या मुलखात आधीच थोरला वाघ असतो, तो पोराला ठेवून घेत नाही. या तरण्या नराला नवा मुलूख आणि जोडीदारीण शोधायची असते. वाट असेल तर तो दुसऱ्या रानात पोचतो आणि तेथल्या रक्ताला नवे रक्त मिळते. वाट नसेल तर भांडणात मरतो, नाहीतर शेतात शिरतो.

आणि बेटावरचे जनावर एकदा संपले की आपोआप परत येत नाही. राजस्थानातल्या सरिस्कात २००५ च्या सुमारास एकही वाघ उरला नव्हता. शेजारून कोणी चालत येणार कसा? वाटच राहिली नव्हती. अखेर २००८ साली रणथंभोरहून वाघ हेलिकॉप्टरने न्यावा लागला. जी गोष्ट निसर्ग फुकट करीत होता, तिला आता हेलिकॉप्टर लागले!

मध्य प्रदेशातल्या पन्नाचीही तीच गत झाली. २००९ साली तेथे वाघ उरला नाही, म्हणून बाहेरून वाघ-वाघिणी आणल्या. त्यांत आपल्या पेंचच्या रानातला एक नर होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याला पन्नात सोडले. पठ्ठ्या काही दिवस राहिला आणि निघाला तो थेट दक्षिणेकडे, पेंचच्या दिशेने! वनखात्याची माणसे हत्ती घेऊन महिनाभर त्याच्या मागावर होती. चारशे किलोमीटरांहून अधिक वाट तो चालला. मग डिसेंबरच्या अखेरीस त्याला बेशुद्ध करून परत पन्नात नेले. घरची दिशा त्याला कोणी शिकविली? आणि एवढा चालूनही तो दिसला किती जणांना? पुढे याच नरापासून पन्नात पिल्ले झाली आणि रान पुन्हा भरले.

दुसरा एक आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला. टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरण्या वाघाच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत शास्त्रज्ञांनी रेडिओ पट्टा बांधला, म्हणजे तो कोठे जातो ते कळावे. जूनमध्ये तो निघाला. विदर्भ, तेलंगण, मराठवाडा असे फिरत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळा मिळून तीन हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास. बहुधा रात्री चालायचा; दिवसा नाल्याकाठी, झुडपात, शेताच्या कडेला पडून राहायचा. एवढ्या प्रवासात त्याच्याकडून एक माणूस जखमी झाला, तोही वाघ विसावला होता त्या झुडपात माणसे शिरली तेव्हा. त्याची सारी वाट तुमच्याआमच्या शिवारातून गेली. रान त्यात थोडेच होते. नाला होता, पडीक होते, कपाशीचे उभे पीक होते.

या वाटेला सरकारी कागदात 'भ्रमणमार्ग' म्हणतात. २००६ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली. एका राखीव रानाला दुसऱ्याशी जोडणारा टापू मनास येईल तसा दुसऱ्या कामाला देता येऊ नये, असे त्यात घातले. २०१४ साली राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी देशातले ३२ प्रमुख भ्रमणमार्ग नकाशावर दाखविले. कान्हा-पेंचची वाट त्यांत आहे. म्हणजे वहिवाटीची नोंद झाली. पण नोंद झाली म्हणून वाट मोकळी झाली, असे होत नाही; हे सात-बारा पाहणाऱ्यांना सांगायला नको.

आता रस्त्याची गोष्ट. नागपूरहून सिवनीकडे जाणारा जुना रस्ता पेंचच्या रानातून जातो. पूर्वी तो सात क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होता, आता चव्वेचाळीस क्रमांकाचा आहे. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंतचा मोठा मार्ग करताना तो चौपदरी करायचे ठरले. बंजाऱ्यांचा तांडा रात्री थांबे. मालमोटारींचा तांडा रात्रीच जास्त धावतो. चौपदरी रस्ता म्हणजे न वाळणारी नदीच. वाद न्यायालयात गेला. काम वर्षानुवर्षे अडले. रस्त्यात खड्डे, आणि रोजची ये-जा करणारे लोक हैराण. "वाघ मोठा की माणूस?" असे लोक विचारू लागले. हा राग खोटा नव्हता.

शेवटी तोड निघाली ती अशी की, रस्ता व्हावा, पण वाट असेल तेथे रस्त्याने उचलून जावे. महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता वर घेतला आणि खालून जनावरांना वाट ठेवली. त्यांतली काही पन्नास मीटर रुंदीची, आणि सर्वांत मोठी साडेसातशे मीटरची. पुष्कळांना वाटले, जनावर काय पुलाखालून जाणार आहे? भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ साली तेथे आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बसविले. मार्च ते डिसेंबर एवढ्या अवधीत अठरा जातींचे वन्यप्राणी त्या पुलांखालून जाताना टिपले गेले. अकरा वेगवेगळे वाघ एकूण ८९ वेळा गेले. वरून मोटारी चालल्या आहेत, खालून वाघ चालला आहे. कोणी कोणाला अडविले नाही. बंजाऱ्यांच्या काळी जे सहज होते, ते आता सिमेंटचे खांब उभारून करावे लागले, पण झाले.

जेथे अशी तोड निघाली नाही, तेथील किंमतही पाहा. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात वाघाचे तीन बच्चे आगगाडीखाली सापडून मेले. ही गोंदियाहून चंद्रपूरकडे येणारी लाइन. चालकाचा काय दोष? आणि बच्च्यांचा तरी काय? आईमागून चालत निघाले होते, आज्या-पणज्या गेल्या त्याच वाटेने.

मंडळी, येथवर वाघाची बाजू झाली. आता दुसरी बाजू मांडली नाही तर हे भाषण एकतर्फी होईल. २००६ साली महाराष्ट्रात वाघांचा अंदाज १०३ होता; २०२२ साली तो ४४४ झाला. ही आनंदाची गोष्ट खरी. पण आनंद शहरात साजरा होतो आणि मोल गाव देते. ब्रह्मपुरीकडची, ताडोब्याभोवतालची माणसे पहाटे मोहफुले वेचायला जातात, तेंदूपत्त्याला जातात. खाली वाकून वेचणारा माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. ज्या घरातले माणूस गेले त्या घराला आकडे सांगू नयेत. गोठ्यातली दुभती गाय गेली, रानडुकरांनी एका रात्रीत धान लोळविले, तर त्या शेतकऱ्याने वहिवाटीचे व्याख्यान का ऐकावे? तो म्हणेल, "वाट वाघाची, आणि वाटेची पट्टी मी भरू?" त्याचे म्हणणे रास्त आहे. वहिवाट देणाऱ्याचे नुकसान भरून निघाले पाहिजे, तेही लवकर आणि हेलपाटे न घालायला लावता. भरपाई हा उपकार नाही, हिशेब आहे.

पण वाट बुजविली तर त्रास कमी होईल, हा समज चुकीचा आहे. जनावर काही नाहीसे होत नाही. फक्त वाट चुकते. नाल्याकाठची झाडी तोडली की तेच जनावर गावाच्या आखरावरून जाते. वहिवाट बंद झालेला शेतकरी काय करतो? तोही उभ्या पिकातून गाडी घालतो.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो. पूर्व विदर्भात 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेल्या जमिनी आहेत. खुरटी झुडपे, थोडे गवत, गुरे चरायची जागा. पाहणाऱ्याला ती निरुपयोगी वाटते. या जमिनी वनजमिनीच समजाव्यात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. दोन मोठ्या रानांमधले असे झुडुपाचे तुकडे म्हणजे नाला ओलांडताना टाकलेले दगड. एक दगड काढला तर पाऊल पाण्यात पडते. तेव्हा गावाची ही जागा, तलावाची पाळ, नाल्याची झाडी सांभाळा. पिकाभोवतीच्या तारेत विजेचा प्रवाह कधीही सोडू नका. ती तार वाघाला मारते तशी शेजाऱ्याच्या पोरालाही मारते. सौर कुंपण झटका देऊन हुसकावते, जीव घेत नाही, आणि त्यासाठी सरकारी अनुदान आहे. गुरू मारले गेले तर मढे हलवू नका, त्यावर विष घालू नका. ताबडतोब वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या. मोहफुलाला एकटे जाऊ नका आणि उजाडण्यापूर्वी निघू नका.

आणि गुरुजी, तुमच्याकडे एक मागणे आहे. आपल्या शाळेतल्या मुलांना गावाचा नकाशा काढायला लावा. त्यात घरे, शेते, तलाव, रस्ते तर काढतीलच. पण म्हाताऱ्या माणसांना विचारून हेही काढू द्या की, पूर्वी सांबरे कोठून उतरत, वाघाचे पगमार्क कोणत्या नाल्यात दिसत, अस्वल कोणत्या मोहाखाली येई. ही माहिती ज्यांना आहे ती माणसे आता थोडी उरली आहेत. वहिवाटीच्या दाव्यात सर्वांत मोठा पुरावा कोणता? जुन्या माणसाची साक्ष. फिर्यादीला बोलता येत नाही. तेव्हा साक्ष आपल्यालाच द्यावी लागेल. उद्या रस्ता, कालवा किंवा खाण यांची आखणी गावात आली, तर ग्रामसभेत तो नकाशा टेबलावर ठेवता येईल आणि सांगता येईल की, "काम करा, पण ही वाट येथून जाते, ती सोडून करा."

शेजाऱ्याच्या बैलगाडीला वाट दिल्याने आपले शेत कधी लहान झाले नाही. रानाच्या बाबतीतही तसेच आहे.